डिझेलच्या ट्रकाला प्रोपेनची जोड



माझा एक भाचा आहे. त्याचा स्वतःचा मालट्रक आहे. लासलगावकडचा कांदा भरायचा, कसारा घाट उतरून मुंबईच्या बाजूला न्यायचा आणि परतताना भिवंडीचा जो मिळेल तो माल भरून घाट चढायचा, हा त्याचा धंदा. मागे एकदा तो घरी आला. चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच त्याने खिशातला मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"मामा, हे बघा. अमेरिकेत डिझेलच्या गाडीला प्रोपेन गॅसची नळी जोडतात. हा माणूस म्हणतो, एव्हरेज सव्वापट झालं. आपल्याकडंही एक जण असं किट बसवून देतो म्हणतोय. बसवू का?"

मी म्हटले, "आधी जेव. मग बोलू." कारण प्रश्न साधा नव्हता. हंगामाची सगळी शिल्लक तो त्या किटमध्ये घालायला निघाला होता आणि ट्रक तर त्याचे पोटच. डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेण्यात माझी उमर गेली, तरी त्याला उत्तर द्यायला मला अर्धी रात्र लागली. तीच अर्धी रात्र आज थोडक्यात तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट ही, की ही कल्पना वेडगळ नाही. अमेरिकेत ती का निघाली ते पाहा. तिकडे खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घराबाहेर प्रोपेनची मोठी पांढरी टाकी असते. थंडीत घर तापवायला आणि ओला मका वाळवायला त्याला हा गॅस लागतोच. त्याच्या अंगणात डिझेलची पिकअप गाडी उभी असते. अशा माणसाला डिझेल महाग झाले की टाकीकडे पाहून काय वाटेल? २००८ च्या जुलैत तिकडे डिझेल गॅलनला पावणेपाच डॉलरच्या घरात गेले. तिकडचा गॅलन म्हणजे आपले पावणेचार लिटरच्या आसपास. गॅस घालून डिझेल वाचवण्याची भाषा अशा दिवसांत जोरात चालते. त्याच्या आधीपासून ट्रॅक्टर ओढण्याच्या शर्यतीतले हौशी लोक ताकद वाढवायला प्रोपेन वापरीत होतेच. म्हणजे हे तंत्र ताकदीसाठी आधीपासून हाताशी होते. काटकसरीची पाटी त्याच्यावर सहज लागली.

आता प्रोपेन म्हणजे काय? आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन असे दोन भाऊ एकत्र नांदतात, त्यांतला हा हलका भाऊ. अमेरिकेतल्या वॉल्टर स्नेलिंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास तो पेट्रोलच्या वाफेतून वेगळा करून दाखवला. मोटारीच्या टाकीतले पेट्रोल उडून का जाते, याचा शोध घेताना तो त्याच्या हाती लागला. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो. म्हणून तो टाकीत दाबून, पातळ करून ठेवावा लागतो. बाहेर ४० अंश ऊन असेल तर टाकीतला दाब ट्रकच्या टायरातल्या दाबाच्या दीडपटीहून जास्त भरतो.

किटमध्ये फारसे काही नसते. एक टाकी, एक विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, एक रेग्युलेटर आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेत बसवलेले एक नोझल. रेग्युलेटरभोवती रेडिएटरचे गरम पाणी खेळवतात. ते कशाला? माठातले पाणी पाझरून वाफ होताना माठ गार पडतो, तसा पातळ प्रोपेन वायू होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. गरम पाणी नसेल तर रेग्युलेटरवर चक्क बर्फ धरतो. टर्बो फिरू लागून हवेचा दाब वाढला, की एक खटका व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस हवेत मिसळून आत जातो.

आत काय होते हे कळण्यासाठी डिझेल इंजिनाचा स्वभाव आठवला पाहिजे. शिक्षक बंधूंनो, वर्गात एक सायकलचा पंप न्या, तोंडाशी बोट धरून मुलांना दहा-वीस वेळा जोरात मारायला लावा आणि मग नळीच्या टोकाला हात लावायला सांगा. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हवा १६ ते २० पट दाबतात. ती पाचशे अंशांच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सुटला की तो आपोआप पेटतो. स्पार्क प्लगचे कामच नाही. डिझेल सव्वादोनशे-अडीचशे अंशांतच पेट घेते. प्रोपेन मात्र हट्टी आहे, त्याला साडेचारशेच्या वर लागतात आणि वेळही जास्त लागतो. म्हणून या जोडीत डिझेल म्हणजे वात आणि गॅस म्हणजे तेल. वात पेटते, मग गॅस पेटतो.

हा जोडधंदा नवा नाही. स्वतः रुडॉल्फ डिझेलने हवेत आधी एक न पेटणारे इंधन मिसळावे आणि दुसऱ्या, लवकर पेटणाऱ्या इंधनाने ते पेटवावे, अशी पद्धत सांगितली होती. तिचे पेटंट त्याला अमेरिकेत १९०१ साली मिळाले.

आता विकणारा काय सांगतो? तो म्हणतो, "तुमच्या इंजिनात निम्मं डिझेल जळतच नाही. तो काळा धूर बघा! प्रोपेन त्या न जळलेल्या डिझेलला जाळतो." ऐकायला पटते. घाटात ट्रक काळा लोट सोडतो तेव्हा आपल्यालाही वाटते, की मालकाचे पैसे उडून चालले. पण धुराची काजळी रंगाने जेवढी दिसते तेवढी वजनाने नसते. चिमूटभर काजळी हातभर फडके काळे करते, हे घासलेटचा कंदील पुसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ठीक चालणाऱ्या डिझेल इंजिनात शंभर भाग डिझेलपैकी अठ्ठ्याण्णवच्या वर भाग आतच जळतात. उरले एक-दोन. प्रोपेनने ते सगळे जाळले, असे मानले तरी फायदा शंभरात एक-दोनाचा. पंचवीस कुठून येणार?

मग उष्णता जाते कुठे? ट्रकच्या चांगल्या इंजिनात शंभरातले चाळीसेक भाग चाकाच्या कामी येतात. बाकीचे सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जातात. ते काही न जळलेले डिझेल नव्हे. ती जळून झालेली उष्णता आहे. गॅस घातला म्हणून ती परत येत नाही.

भाचा म्हणाला, "पण मामा, तो माणूस खोटं बोलत नाही. डिझेल खरंच कमी लागलं त्याला."

बरोबर आहे. खरी गोम इथेच आहे. गॅस आत गेला की इंजिनाला जास्त ताकद मिळते, गाडी पुढे ओढू लागते, आणि ड्रायव्हरचा पाय आपोआप वर येतो. पाय वर आला की डिझेल कमी सुटते. डिझेल वाचले खरे, पण त्याची जागा गॅसने घेतली. घरात दूध कमी लागू लागले म्हणून बायको खूश, आणि नंतर कळावे की पोरे शेजारून आणून पितात व शेजाऱ्याचे बिल महिन्याच्या शेवटी येणार आहे, तसलाच हा प्रकार.

आता हिशेब मांडू. हा फळ्यावर मांडण्यासारखा आहे. समजा ट्रक लिटरला चार देतो. म्हणजे १०० किलोमीटरला २५ लिटर डिझेल. गॅस जोडल्यावर १०० किलोमीटरला २० लिटर लागले. मालक म्हणतो, गाडी लिटरला पाच देऊ लागली, सव्वापट! पण त्या १०० किलोमीटरांत गॅस किती गेला? एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता असते. मेगाज्यूल हे नुसते माप, शेर-पायलीसारखे. ५ लिटर डिझेल वाचले, म्हणजे १८० मेगाज्यूल दुसरीकडून आले पाहिजेत. एक किलो प्रोपेन सुमारे ४६ देतो. म्हणजे जवळजवळ ४ किलो प्रोपेन. पातळ अवस्थेत मोजला तर पावणेआठ लिटरच्या घरात. पाच लिटर डिझेल वाचवायला पावणेआठ लिटर प्रोपेन! लिटराला लिटर तोलणारा इथे हमखास फसतो, कारण एक लिटर प्रोपेनमध्ये एक लिटर डिझेलच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडी कमी उष्णता असते.

वजनाने सांगायचे तर एक किलो प्रोपेन म्हणजे सव्वा लिटर डिझेलहून किंचित जास्त. हा एक आकडा लक्षात ठेवा. तुमच्या गावात किलोभर गॅसचा भाव सव्वा लिटर डिझेलच्या भावापेक्षा बराच कमी असेल, तरच बोलण्यात अर्थ आहे. अमेरिकेत शेतावर गॅस ठोकाने घेणाऱ्याला काही वर्षी तो तसा पडतो. त्याला फायदा होतो तो भावातल्या फरकाचा.

आणि हे सगळे, आत गेलेला गॅस पूर्ण जळतो असे धरून चाललो. तो जळतो का?

गॅसला हवेत आग पळवायची असेल, तर साध्या हवेत शंभर भागांत निदान दोन भाग गॅस लागतो. त्याहून विरळ झाला की ज्योत पुढे सरकत नाही. गवत फार विरळ असले की वणवा जागीच विझतो, तसे. वर सांगितलेल्या प्रमाणात गॅस घातला तर तो हवेच्या शंभरात एक भागसुद्धा भरत नाही. सिलिंडरातली हवा तापलेली आणि दाबलेली असते, म्हणून ही मर्यादा थोडी सैल होते हे खरे. तरीही डिझेलच्या फवाऱ्याजवळचा गॅस जळतो आणि भिंतीकडेला, कोपऱ्यात राहिलेला तसाच बाहेर जातो. गाडी सपाट रस्त्यावर अर्ध्या ताकदीने धावत असते तेव्हा डिझेलचा फवारा लहान असतो, आणि तेव्हा हे नुकसान सगळ्यात जास्त होते. प्रयोगशाळेतल्या इंजिनांवर हेच वारंवार दिसले आहे. कमी भाराला कार्यक्षमता घटते आणि सायलेन्सरमधून न जळलेला गॅस व विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. भार जास्त असताना गॅस चांगला जळतो, धूरही कमी होतो, आणि कार्यक्षमता कधी थोडीशी वाढलेलीही आढळते. किटवाल्यांच्या बाजूने मी एवढे प्रामाणिकपणे सांगतो.

पण भार जास्त असतो तिथेच दुसरे संकट उभे असते. घाट चढताना इंजिन तापलेले, टर्बो जोरात, हवेचा दाब भरपूर. तेव्हा गॅस जास्त झाला तर तो वातीची वाट पाहत नाही. तापलेल्या दाबात तो आपणच, आणि नको त्या क्षणी, सगळा एकदम भडकतो. इंजिन हातोडा मारल्यासारखे ठोकू लागते. दट्ट्याचे डोके वितळते, हेड गॅस्केट उडते, कनेक्टिंग रॉड वाकतो. शर्यतीतल्या माणसाला एखादे इंजिन गेले तर हौसेचे मोल वाटते. कांद्याच्या ट्रकवाल्याचे वर्ष जाते. म्हणजे सपाटीवर गॅस वाया जातो, चढावर तो अंगावर येतो, आणि मधली जागा अरुंद आहे. नाशिक-मुंबई रस्ता काही त्या मधल्या जागेतून जात नाही.

आणखी एक धोका सांगतो, तो फार थोड्यांना माहीत असतो. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. डिझेलच्या पुष्कळ इंजिनांत तशी हवा आवरणारी झडप नसते. इंधन कमीजास्त करूनच ते ताब्यात राहते. पण जळणारा वायू हवेतूनच आत येऊ लागला तर? किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट वेडेपिसे होऊन वेग घेत जाते. अमेरिकेत टेक्सास सिटी येथे २३ मार्च २००५ रोजी एका तेलशुद्धीकरण कारखान्यात इंधनाची वाफ जमिनीवर पसरली. जवळच एक डिझेलची पिकअप गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. वाफ तिच्या हवेच्या नळीत शिरली आणि इंजिन भरमसाट वेगाने फिरू लागले. वाफेला ठिणगी बहुधा त्या गाडीपासूनच मिळाली, असे तिकडच्या चौकशी मंडळाने लिहिले आहे. त्या स्फोटात १५ माणसे गेली. ती गाडी प्रोपेनची नव्हती, हे लक्षात घ्या. पण व्हॉल्व्ह अडकून गॅस आत येतच राहिला तर आपल्या इंजिनात त्याच जातीचा प्रकार होऊ शकतो.

आणि गळती! प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो वर उडून जात नाही, खाली साचतो. केबिनच्या तळाशी, मिस्त्रीच्या खड्ड्यात, धाब्यावर ट्रकाखाली झोपलेल्या क्लीनरच्या अंगाभोवती. घाण वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्केप्टन नावाचे द्रव्य मिसळतात, पण झोपलेल्या माणसाला वास येईलच असे नाही.

भाच्याला मी विचारले, "किटवाला गॅस कुठून भरायला सांगतो?" तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "घरचाच सिलिंडर मागं बांधायचा." मी हात जोडले. घरगुती सिलिंडर वाहनात वापरणे आपल्याकडे कायद्याने बंद आहे, आणि ते उगीच नाही. तो सिलिंडर उभा, स्थिर, स्वयंपाकघरात राहावा म्हणून बनवलेला आहे. घाटात हादरे खात, आडवा पडून, वायूऐवजी पातळ गॅस नळीत सोडत फिरण्यासाठी नव्हे. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर. सी. बुकात लिहिलेल्या इंधनाच्या बाबतीत असा परस्पर बदल चालत नाही. मान्यताप्राप्त किट, आणि आरटीओची नोंद, दोन्ही हवीत. उद्या आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पुस्तक उघडील.

तरीही भाच्याचे समाधान होईना. म्हणाला, "मामा, माझ्या डोळ्यांनी बघायचं असेल तर?"

हा प्रश्न मला आवडला. बघायची रीत आहे. एक फेरी गॅसशिवाय, एक गॅससह, असे करून भागत नाही. वारा, भार, गर्दी, ड्रायव्हरचा पाय, सगळेच बदलते. बरे, किट बसवले की माणूस आपोआप जपून हाकू लागतो आणि जपण्याची बचत किटच्या नावावर जमा होते. अमेरिकेतल्या ट्रकच्या रीतसर चाचणीत म्हणून दोन सारखे ट्रक घेतात. एकाला काहीच करीत नाहीत, दुसऱ्याला बदल करतात, आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, सारख्या भाराने पुन्हापुन्हा पळवतात. डिझेलची टाकी वजन करून मोजतात. गॅस असेल तर त्याचीही टाकी तोलतात. ज्या विक्रेत्याच्या कागदावर गॅसच्या टाकीचे वजन लिहिलेले नाही, त्याचा कागद चुलीत घालावा.

भाच्याने किट घेतले नाही. त्याऐवजी त्याने एक वही केली. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, किलोमीटर, भार, टायरातली हवा, आणि बाजार समितीच्या दारात इंजिन चालू ठेवून किती वेळ उभा होता, एवढे तो लिहू लागला. महिन्याभराने त्याच्या लक्षात आले, की रांगेत उभ्या उभ्या तो जे जाळत होता ते काही थोडे नव्हते.

मग एक दिवस त्याचा फोन आला. "मामा, ट्रकचं राहू द्या. गोठ्यात आठ जनावरं आहेत. गोबरगॅसवर विहिरीचं डिझेल इंजिन चालेल का?"

चालेल! विद्या तीच, हवेतून गॅस आणि डिझेलची वात. पण इथे सगळे अनुकूल आहे. पंपाचे इंजिन एका जागी उभे, एकाच वेगाने, एकसारख्या भाराने चालते. घाट नाही, उतार नाही. गॅसचे प्रमाण एकदा जुळवले की जुळले. गोबरगॅसमधला मिथेन प्रोपेनहून जास्त सोशिक, लवकर ठोकत नाही. त्यातला कर्बवायू ज्वलन सावकाश ठेवतो. म्हणून इथे गॅस चिमूटभर नव्हे, ऐंशी टक्क्यांपर्यंत घालता येतो आणि डिझेल वीस टक्क्यांवर येते. मुख्य म्हणजे गॅस विकत घ्यावा लागत नाही, आणि राबडी शेताला मिळते ती वेगळीच. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गोबरगॅसचे हे काम खेड्यापाड्यांत नेले आहे.

हिशेब त्याला फोनवरच सांगितला. एका जनावराचे रोजचे दहा किलो शेण धरा. आठांचे ऐंशी किलो, त्यातून रोज तीन घनमीटरच्या आसपास गॅस. इंजिनाला दर अश्वशक्तीस तासाला पाऊण-अर्ध्याच्या मधला नव्हे, अर्ध्या घनमीटरहून थोडा कमी गॅस लागतो. पाच अश्वशक्तीचे इंजिन त्यावर रोज दीड तासाच्या आतबाहेर चालेल. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा तेवढेही नाही. गॅसची नळी इंजिनाच्या हवेच्या फिल्टरपाशी जोडायची, वाटेत लोखंडाच्या किसाची एक बरणी ठेवायची, म्हणजे गॅसमधला गंधकाचा अंश तिथे अडकेल आणि इंजिन गंजणार नाही. आधी डिझेलवर इंजिन चालू करायचे, ते तापले की गॅसची चावी हळूहळू उघडायची, आणि ठोकल्याचा आवाज आला की चावी जरा मागे घ्यायची.

"दीडच तास?" तो म्हणाला.

"दीडच. पण रोज."

"चालेल मामा. कांद्याच्या रोपाला तेवढं पुष्कळ झालं."